बर्फ सरला तिथपर्यंत

भागाक्का कोंबडीची पाठ कानाला लावून ऐकायची. कोंबडी काखेत, तिचे पाय डाव्या मुठीत, पिसांत गाल खुपसलेला आणि डोळे मिटलेले. अशा वेळी कुणी बोलायला लागलं तर ती उजवा हात वर करायची आणि समोरच्यानं गप्प बसायचं, मग तो पंचायतीचा अध्यक्ष का असेना. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अंगणवाडीच्या पायरीवर, याच अवतारात. मी नवी टीचर, नव्या नोकरीचा तोरा. आवाज चढवून विचारलं, "कोण तुमी? काय पायजे?" तिनं हात वर केला. मी गप्प. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाली, "घरघर न्हाई. नुस्ती भ्यालीय. तुमच्यावानी."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, सासूबाईंना तर भितेच. त्यामुळं पुढं जे घडलं ते माझ्यासारख्या बाईनं सांगावं की नाही, कुणास ठाऊक. पण भागाक्का गाव सोडून गेली त्याला आता वर्ष होत आलं. गावात तिच्याबद्दल अजून दोन तऱ्हांनी बोलतात, दोन्ही अर्धवट आहेत, आणि उरलेलं अर्धं फक्त मला माहीत आहे.

आमचं गाव बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातलं, मेहकरच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, गावाला आधीच पुष्कळ बोल लागले आहेत. मधून मेहकरचा डांबरी रस्ता आडवा जातो. रस्त्याच्या अलीकडे खालची आळी, पलीकडे वरची. भागाक्का खालच्या आळीच्या टोकाला पत्र्याच्या घरात एकटी राहायची. नवरा कधीच वारलेला, एकुलती लेक बीदरला नौबादमध्ये दिलेली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली थर्मास. तो थर्मास तिचा जीव की प्राण. जनावरांच्या दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरनं तिला लस टाकायला शिकवलं होतं. भालकीहून बर्फ घातलेल्या थर्मासात लसोटा नावाच्या लसीची बाटली आणायची आणि दारोदार फिरून प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात एकेक थेंब सोडायचा. त्यानं मानमोडी टळते. मानमोडी म्हणजे कोंबड्यांची मान पिळवटून टाकणारा रोग. आमच्याकडे दर उन्हाळ्यात यायचा, आणि भागाक्का थेंब टाकायला लागल्यापासून यायचा बंद झाला.

तिची दुसरी रीत म्हणजे वाट्याची कोंबडी. गावात नवी सून आली की पाचव्या दिवशी अक्का काखेत तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, घेऊन दारात हजर. पहिल्या उबवणीची निम्मी पिल्लं अक्काची, पुढचं सगळं सुनेचं. ती निम्मी पिल्लं अक्का स्वतः डालग्यात घालून न्यायची आणि पुढच्या सुनेला द्यायची. अशानं गावातल्या कोंबड्या एकमेकींच्या मावशा-भाच्या होऊन बसल्या होत्या. मी एकदा विचारलं, "अक्का, ह्यात तुमाला काय मिळतंय?" तर म्हणाली, "कोंबडी दिल्याबिगर बाई वळखीची हुत न्हाई गं. नुस्तं 'बरं हाय का' म्हणून कोण दार उघडतंय?"

आमचं घर लिंगायतांचं. अंडं उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. तरी अक्का मला सोडणार थोडीच. एके दिवशी अंगणवाडीच्या खिडकीत तोंड घालून हळूच म्हणाली, "टीचरबाई, तुमची तलंग माझ्या दारात बांदलीय. घरात सांगू नका." मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. मग रोज अंगणवाडी सुटल्यावर वाट वाकडी करून तिला बघायला जायला लागले. तांबूस, लंगडी, भारी आगाऊ. तेव्हापासून मी 'टीचरबाई, तुमी' ची 'पोरी, तू' झाले. सासूबाईंना वाटायचं, मी बाळंतिणींच्या भेटी घेत फिरते.

गेल्या वर्षी माघात तालुक्याहून एक रिक्षा भोंगा लावून आली. कन्नडमध्ये ओरडत होती, हक्की ज्वर आला आहे, सावध राहा. हक्की म्हणजे पाखरू, ज्वर म्हणजे ताप, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या शब्दानंच घोळ केला. ताप म्हटल्यावर लोक आपापल्या कोंबडीच्या अंगाला हात लावून बघायला लागले. हात लावला की गरम! गावभर हाहाकार. अक्का या दारातून त्या दारात धावत होती. "अगं बायांनो, कोंबडी कवा गार ऱ्हाती का? गार झाली म्हंजी मेली की!" लोक हसले, आणि हसण्यात सगळी भीती विरून गेली. इतकी विरली की भोंग्यानं पुढं काय सांगितलं ते कुणी ऐकलंच नाही.

आठवडाही गेला नसेल. पाशामामूच्या खुराड्यात सकाळी पाच कोंबड्या मरून पडलेल्या मिळाल्या. पाशामामू म्हणजे खालच्या आळीचा टेलर. त्यानं अक्काला हाक मारली, मी नेमकी तिथंच होते. एक कोंबडी अजून जिवंत होती. तुरा निळा-काळा पडलेला, डोळ्याभोवती सूज, चोचीतून शेंबडाची तार लोंबत होती. अक्कानं तिला उचललं, पाठीला कान लावला, बोटानं चोचीतला शेंबूड काढला आणि हळूच आत फुंकर घातली. ती कुठल्याही चोंदलेल्या कोंबडीला असंच करायची. मला नेहमी शिसारी यायची, त्या दिवशी नुसतीच भीती वाटली. का ते सांगता येत नव्हतं. कोंबडी अक्काच्या हातातच गेली.

"मानमोडी का?" पाशामामूनं विचारलं.

अक्का त्या कोंबडीची मान दोन बोटांत धरून बघत राहिली. "मानमोडीच म्हणायची. पण मान मोडली न्हाई रे मामू. सगळ्याच्या सगळ्या मान सरळ ठिऊन मेल्यात." मग स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणाली, "नव्या तऱ्हेची असंल. थांब, आजच थेंब टाकते गावभर."

आणि ती निघाली. आदल्या दिवशीच भालकीहून भरून आणलेला थर्मास खांद्याला, डालगं कमरेला. पाशामामूच्या शेजारच्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक कोंबडी काखेत घ्यायची, पापणी ओढायची, थेंब सोडायचा, मांडीवर हात पुसायचा, पुढची कोंबडी घ्यायची. दुपारपर्यंत आख्खी खालची आळी झाली. मेहकरच्या रस्त्याला पोचली तेव्हा थर्मासातला बर्फ सरला. बर्फाशिवाय लस मरते, हा नियम ती मोडायची नाही. रस्ता ओलांडलाच नाही, तिथूनच माघारी फिरली. वरच्या आळीच्या बायका तिच्यावर रुसल्या, आमच्या कोंबड्या काय सवतीच्या का, म्हणून.

तिसऱ्या दिवशी खालची आळी मरायला लागली. एकेक नाही, खुराडीच्या खुराडी. संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी पाय वर करून पडलेली. पिसं नसलेल्या नडग्यांवर लाल ठिपके. बायका रडत अक्काकडे येत होत्या, अक्का पुन्हा थेंब घेऊन धावत होती, कान लावत होती, फुंकरा घालत होती. चवथ्या दिवशी अंगणवाडीच्या मागच्या चिंचेखाली मला तीन कावळे मेलेले दिसले. मी पोरांना आत कोंडून दार लावलं. कोंबड्या मरतात हो, पण कावळे? मी भालकीच्या दवाखान्याला फोन लावला. फोन मी केला, हे ध्यानात असू द्या.

दुपारी डॉक्टर आला. तरुण पोरगा, कडगंचीकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. जीपमधून उतरतानाच त्यानं पांढरा पोशाख चढवला, चष्मा लावला, तोंड बांधलं. ते बघूनच आळीतली दारं लागली. त्यानं मेलेल्या कोंबड्यांच्या घशातून काड्या फिरवून डब्यांत ठेवल्या, भोपाळला तपासायला पाठवायच्या म्हणून. अक्कानं त्याला सांगितलं, मानमोडीच आहे, फक्त मान मोडत नाही.

"अक्का, हे डोळ्यानं ठरत न्हाई," तो म्हणाला. "आणि तो दुसरा रोग असंल तर तुमचा थेंब त्याला चालत न्हाई. तो विष्ठेत असतोय, शेंबडात असतोय, पिसाला चिकटतोय. चपलंला लागून जातोय, डालग्याला लागून जातोय, हाताला लागून जातोय. तळ्यावरची पाखरं आणतात, त्यांना कायबी हुत न्हाई. बाजारातून आणलेल्या कोंबडीसंगट बी येतोय."

मी लांबूनच विचारलं, "माणसाला?"

तो म्हणाला, "क्वचित. शिजवलेलं खाऊन हुत न्हाई. पण आजारी कोंबडी कुणी अगदी जवळ घेतली असंल तर जपायचं. झाला तर लई वाईट."

अक्का खाली बघत म्हणाली, "मी फुंकर घातले की." असं म्हणाली जशी पोरं काहीतरी फोडून आल्यावर म्हणतात. डॉक्टरनं तिला तोंडाला बांधायचं फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आरोग्य खात्याची माणसं येऊन अक्काच्या घशातला नमुना घेऊन गेली, गोळ्या दिल्या, घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. मी सकाळ-संध्याकाळ भाकरी नेऊन तिच्या दारापासून दहा हातांवरच्या दगडावर ठेवायची आणि मागे सरायची. ती आतून खोकायची आणि मी आणखी दोन पावलं मागे व्हायची. तिच्यासाठी भ्यायची, पण खोटं कशाला बोलू, स्वतःसाठीही भ्यायची. मीही त्या कोंबड्यांत उभी राहिले होते. दिवसातून वीस वेळा कपाळाला हात लावून बघायची. साबणानं हात धुऊन धुऊन सालं निघाली. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "कामून भ्यायलीस एवढी? आपुन खात न्हाई, आपल्याला काय हुत न्हाई. आपल्या घरात लिंग हाय." आमच्या आख्ख्या गल्लीचा हाच समज. खाणाऱ्याला होतो, न खाणाऱ्याला शिवत नाही. मी काय सांगणार? माझी तलंग अक्काच्या दारात होती.

कोंबड्यांचा निकाल आला. तोच रोग. गावातली आणि शिवारातली झाडून सगळी कोंबडी मारायचा हुकूम निघाला, जिवंत, धडधाकट, सगळी. पांढऱ्या पोशाखातली माणसं यायला लागली, तळ्यामागे खड्डा खणला, चुन्याच्या गोण्या उतरल्या. आणि गावानं कोंबड्या लपवल्या. कणगीत, कडब्यात, माळवदावर, बाजेखाली. ज्या दारात जा तिथं एकच उत्तर, "आमच्यात न्हाईत. मेल्या सगळ्या." खालच्या आळीत ते बरंचसं खरं होतं. वरच्या आळीत साफ खोटं. त्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या, मारायला कोण देईल? कुणी म्हणे पिशवीत घालून पहाटेच्या बसनं माहेरी धाडायच्या.

कुणाच्या घरात किती कोंबड्या आहेत हे ठाऊक असलेलं माणूस गावात एकच होतं. डॉक्टर तिच्या दारापुढे लांब उभा राहून म्हणाला, "अक्का, लपलेल्या ऱ्हायल्या तर रोग मेहकरला जाईल, तितून पुढं जाईल. तुमी घरं सांगा." त्याच्या आधीच वरच्या आळीचे चारजण येऊन गेले होते. बोलले ते मी ऐकलं होतं. "अक्का, तोंड उघडलीस तर या गावात तुला कुणी उभं करणार न्हाई." आणि ती धमकी पोकळ नव्हती. चाळीस वर्षं जोडलेली दारं होती ती. तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

अक्का डॉक्टरला म्हणाली, "मला ठाव न्हाई बाबा."

तो गेल्यावर मी दगडाशी उभी राहून म्हटलं, "अक्का, तुमाला सगळं ठाव हाय."

"लेकी हायत त्या माझ्या," ती आतून ओरडली. "एकेक निवडून दिलेय. त्यातली एक बी आजारी न्हाई, वरच्या आळीतली. कामून मारायचं त्यान्ला? खालची आळी मेली ती मेली, वरची तर जिती हाय!" आणि तिथंच तिचा आवाज तुटला. मला वाटलं खोकल्यानं. मी घाबरून दोन हाका मारल्या.

मग दार किलकिलं झालं. अक्का चौकटीला धरून उभी. "पोरी, पाशामामूनंतर कुणाच्या मेल्या?"

मी सांगितलं.

"मग?"

मी घरं सांगत गेले. ती बोटं मिटत गेली. सगळी घरं सांगून झाली, शेवटचं रस्त्याच्या कडेचं. अक्का त्या मिटलेल्या मुठींकडे बघत राहिली.

"मी थेंब टाकत गेले तशीच मेल्यात गं. त्याच वळीनं. एक घर मागंफुडं न्हाई." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आन् जिथं माझा बर्फ सरला, तिथून फुडं एक बी मेली न्हाई."

मी म्हटलं, "असं कसं म्हणता, अक्का. तळ्यावरच्या पाखरांनी आणला असंल."

"आणला असंल कुणी बी. घरोघर न्हेले मीच की गं! ह्या हातानं. मामूच्या कोंबडीचा शेंबूड काढलेल्या बोटानं सगळ्यांच्या पापण्या वडले." तिनं दोन्ही हात लांब धरले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत. आणि मग ती चौकटीतच खाली बसून रडायला लागली. तोंडाला फडकं बांधून रडणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी दहा हातांवर उभी होते. पुढं व्हायला हवं होतं. झाले नाही, माझे पाय हललेच नाहीत. याची मला आजही लाज वाटते.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "पिशवीतनं कोंबड्या कोण कोण न्ह्यायलंय म्हणत्यात?" मी ऐकलं होतं ते सांगितलं, वरच्या आळीची सुमन उद्या पहाटे मेहकरला माहेरी कोंबडी घेऊन जाणार आहे. अक्का म्हणाली, "म्हंजी माझंच काम आता तिच्या हातानं चाललंय. बोलीव डाक्टरला."

डॉक्टर आला. मीच फिरून घरं दाखवते, ती म्हणाली, पण तो तिला बाहेर सोडायला तयार होईना. तुमचा निकाल आल्याशिवाय नाही, म्हणाला. घरं सांगा, तेवढं पुरे. तिनं तिथूनच एकेक घर सांगितलं, सुमनचं सगळ्यांत आधी, आणि यादीत स्वतःहून माझंही नाव घातलं. "ती तांबडी लंगडी टीचरची हाय. माझ्या दारातल्यांना त्या दिशी थेंब टाकले न्हवते, म्हणून जित्या हायत. दुसऱ्याची म्हणून कसं सांगू?" डॉक्टरनं लगेच मेहकरच्या वाटेवर माणूस बसवला. पण बाकीच्या घरांत माणसं गेली आणि हात हलवत परत आली. कणगीत हात घालून किती शोधणार?

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला अक्काच्या घशाचा निकाल आला. तिला तो रोग नव्हता, साधाच ताप होता आणि तोही उतरला होता. मी रस्त्यात उभी राहून हुंदके देऊन रडले. अक्का हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "डाक्टर, ते पांढरं मला घालायला द्या."

तो पोशाख तिला फार मोठा झाला. बाह्या मनगटावर दोऱ्यानं बांधाव्या लागल्या. तोंड बांधलेलं, चष्मा लावलेला, चार पांढऱ्या माणसांत ती पाचवी. ती माणसं मेहकरचा रस्ता ओलांडून वरच्या आळीत शिरली तेव्हा कुणी तिला ओळखलं नाही. बायका दारात हात बांधून उभ्या होत्या. "न्हाईत म्हणून किती बारीनं सांगायचं?" आळीच्या मधोमध अक्का थांबली. फडक्याच्या आतून तिनं हाक घातली, "आ गंऽऽ ती ती ती ती! आ गंऽऽ ती ती ती!"

आधी कडब्याच्या गंजीतून कोंबडीचा आवाज आला. मग माळवदावरून. मग बाजेखालून, कणगीतून, पालथ्या डालग्यातून, बंद न्हाणीतून. आख्खी आळी कोंबड्यांच्या आवाजानं भरून गेली. लहानपणी तिच्याच दारात दाणे टिपलेल्या होत्या त्या, तिची हाक ऐकून ओरडत होत्या. एक पांढरी तर गोणपाटाखालून निसटून पळत पळत थेट तिच्या पायाशी आली. अक्का मागे सरली. ती पुढे, अक्का मागे. शेवटी एका माणसानं त्या कोंबडीला उचललं.

तेव्हा गावानं ओळखलं, पांढऱ्या पोशाखात कोण आहे ते. जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. कुणीतरी शेण फेकलं, ते तिच्या खांद्याला लागलं. सुमन तिची कोंबडी छातीशी धरून दारात बसली होती, अठरा-एकोणीस वर्षांची पोर. "अक्का, तुमीच दिली व्हती की! पाचव्या दिवशी तुमीच घिऊन आलाव!"

अक्का म्हणाली, "कोंबडी दिले व्हते, बाळा. रोग न्हाई. सोड तिला, आन् साबणानं हात धू. कोपरापतोर धू." तिनं प्रत्येक दारात एवढंच सांगितलं. कोपरापर्यंत धुवा, कपडे उन्हात टाका, पोरांना खुराड्याकडे जाऊ देऊ नका. संध्याकाळपर्यंत गावात एक कोंबडी उरली नाही.

माझ्या लंगडीच्या भरपाईच्या कागदावर सही घ्यायला एक माणूस आमच्या दारात आला. सासूबाई त्याच्यावर कडाडल्या, "आमच्यात कोंबडी? घर चुकलाव तुमी." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजायचं ते समजल्या. मी सही करून आत आले. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "नाव काय व्हतं तिचं?"

"न्हाई ठिवलं."

"ठिवायचं की," एवढंच बोलल्या आणि जपाला बसल्या.

नंतरच्या सकाळी फार वाईट होत्या. कोंबडा आरवत नाही म्हटल्यावर गावाला उजाडलेलं कळेना. पुढं गावात कुणालाच ताप आला नाही. मेहकरला रोग गेला नाही. तो आमच्याकडे मुळात कुठून आला हेही कधी कळलं नाही. पण अक्काला कुणी उभं केलं नाही, बोलले होते तसंच झालं. काही रागानं टाळायचे आणि काही भीतीनं. दुकानदार तिचं सामान पायरीवर ठेवायचा. विहिरीवर ती गेली की बायका घागरी उचलायच्या. एकदा पाशामामूच्या दुकानापुढे लोकांनी तिला घेरून विचारलं, "दवाखान्याला फोन कुणी केला व्हता?" मी चार पावलांवर होते. अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच करायला लावले," म्हणाली. मी गप्प राहिले. आज पहिल्यांदा हे कबूल करते आहे.

महिन्याभरात तिची लेक येऊन तिला नौबादला घेऊन गेली. घराला कुलूप घालताना आळीत एक दार उघडलं नाही. पाशामामू तेवढा मशीन थांबवून बसला होता.

मी तिला भेटायला गेले ते दिवाळीनंतर. तोवर लेकीला मुलगी झाली होती. लेक मला जिन्यातच गाठून म्हणाली, "टीचर, तुमी तरी सांगा. आई लेकराला हात लावत न्हाई. पाच महिने झाले, एकदा बी घेतली न्हाई. लोक काय काय बोलायलेत."

अक्का खिडकीशी बसली होती. वाळली होती. मी आत जाताच म्हणाली, "तितंच बस, पोरी. लांब." मी बसले. तिचे हात मांडीवर पालथे ठेवलेले होते, साबणानं पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा. मी म्हटलं, "अक्का, तुमचा निकाल साफ आला व्हता. मी वाचलेय डोळ्यानं."

"तो घशाचा काढला व्हता," ती म्हणाली. "हाताचा कुणी काढलाय?"

डॉक्टर असता तर त्यानं समजावून सांगितलं असतं, इतके महिने हातावर काही राहत नाही. मीही तेच सांगितलं. ती मान हलवत राहिली, एखाद्या लहान पोराचं बोलणं ऐकावं तशी. पाळण्यात मुलगी रडायला लागली. लेक स्वयंपाकघरातून येईपर्यंत मी उठले, तिला उचललं आणि काही विचार न करता अक्काच्या मांडीवर ठेवून मागे सरले. अक्का किंचाळली, "अगं, काय करायलीस! घे तिला, घे आदी!" तिनं दोन्ही हात वर केले, लांब, डोक्याच्या वर. मी हलले नाही. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते, पण हलले नाही. मुलगी रडत रडत पाय झाडत होती, मांडीवरून घसरायला लागली, आणि डोकं खाली लोंबायला लागलं तेव्हा अक्कानं डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी तिला धरलं.